दुसऱ्याच्या ओंजळीने किती दिवस पाणी पिणार?

चळवळीचे म्हणणे चळवळीच्याच साधनाने लोकांपर्यंत गेले पाहिजे, ही शिकवण महाराष्ट्राला कोणा परदेशी ग्रंथाने दिलेली नाही. ठाण्यात जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये ‘दीनबंधु’ पत्राची धुरा मुंबईत खांद्यावर घेतली आणि १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. आधी पत्र आणि मग संघटना, हा क्रम योगायोगाचा नव्हता. १९२० मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ काढले तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. आणीबाणीत पूर्वनियंत्रणाचा वरवंटा फिरू लागला, तेव्हा लहान लहान नियतकालिकांनी आणि रात्रीतून चक्रमुद्रित केलेल्या पत्रकांनी जे काम केले ते मोठ्या भांडवलाच्या बहुतेक वृत्तपत्रांना जमले नाही. यंत्र लहान होते, शाई फिकट होती. पण ते कोणाच्या मेहेरबानीवर चालत नव्हते.

या परंपरेचा वारसा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. मग आज कल्याण-डोंबिवलीत आपण काय करतो? मोहोने-आंबिवलीच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांची सभा असो, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील स्फोटानंतरचे निवेदन असो, की टिटवाळ्याच्या प्रवाशांच्या हालांचा प्रश्न असो. कार्यकर्ता मोबाइलवर छायाचित्र काढतो, फेसबुकवर टाकतो, व्हॉट्सॲपच्या दहा गटांत पुढे ढकलतो आणि ‘प्रसिद्धी झाली’ असे समाधान मानून घरी जातो. चार दिवसांनी ते निवेदन कोणाला सापडत नाही. चार वर्षांनी ते दिले होते हेही कोणाला आठवत नाही. प्रत मागितली तर ‘जुन्या फोनमध्ये होती’ असे उत्तर मिळते. ज्या चळवळीला स्वतःचे दप्तर नाही, तिच्यासमोर बसलेल्या अधिकाऱ्याला स्वतःची जुनी आश्वासने विसरणे फार सोपे जाते.

म्हणून प्रस्तुत लेखाचे म्हणणे स्पष्ट शब्दांत मांडतो. आपल्या प्रत्येक शाखेने, कामगार संघटनेने आणि आपल्या विचाराच्या वाचनालयाने, स्वतःच्या नावावर घेतलेल्या सर्व्हरवर, मुक्त परवान्याची आशय-व्यवस्थापन प्रणाली स्वतःच्या हाताने बसवली पाहिजे. आणि ज्या निकषावर आपण ती बसवू त्याच निकषाचा आग्रह महापालिकेपुढेही धरला पाहिजे. हे काम वरवर तांत्रिक दिसते. त्याच्या पोटात मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीच्या प्रश्नाला आपण तांत्रिक म्हणून बगल देऊ लागलो तर समाजवादी म्हणवून घेण्यात अर्थ उरणार नाही.

‘आशय-व्यवस्थापन प्रणाली’ हे नाव बोजड आहे; वस्तू साधी आहे. संकेतस्थळाचे प्रत्येक पान एके काळी संगणकाच्या खुणांच्या भाषेत हाताने जुळवावे लागे. प्रणाली बसवली की लेखकाने फक्त मजकूर लिहायचा, संपादकाने तपासायचा आणि कळ दाबायची. शीर्षक कोठे, तारीख कोठे, मागील लेखांची अनुक्रमणिका कशी, जुन्या मजकुरातून शोध कसा, हे सारे प्रणाली पाहते. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, चित्रे फायलींत राहतात, आणि वाचकाने पान मागितले की ते जुळवून त्याच्यापुढे ठेवले जाते. छापखान्याची उपमा द्यायची तर खिळे जुळवणारा, पाने लावणारा आणि गठ्ठे बांधून ठेवणारा अशा तिघांचे काम ही एक प्रणाली करते. ड्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये आणि जूमला २००५ मध्ये आली. जगातील असंख्य संकेतस्थळे त्यांवर चालतात.

या तिन्ही प्रणाली ज्या परवान्याखाली मिळतात तो परवाना कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घेण्याजोगा आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा सार्वजनिक परवाना सिद्ध केला. त्याचे सूत्र असे की, कोणीही ते सॉफ्टवेअर वापरावे, त्याचे अंतरंग वाचावे, त्यात बदल करावा आणि ते इतरांना द्यावे. मात्र बदललेली प्रत देताना आपल्याला मिळालेली मोकळीक पुढच्यालाही दिलीच पाहिजे. मालमत्तेच्या कायद्याचेच हत्यार उलट्या बाजूने धरून सामाईक धन राखण्याची ही युक्ती आहे. तिचे फळ किती खरे आहे ते वर्डप्रेसच्या जन्मातच दिसते. फ्रान्सच्या मिशेल वाल्द्रीगी यांनी लिहिलेला ‘बी-टू’ नावाचा कार्यक्रम होता. कर्त्याचा पत्ता लागेना आणि काम थांबले. खासगी मालकीचा कार्यक्रम असता तर तो तेथेच मेला असता. परवाना सार्वजनिक होता, म्हणून मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी तोच उचलून २००३ मध्ये त्याचे वर्डप्रेस केले. मालक नाहीसा झाला तरी गाव उजाड झाले नाही.

आता बसवण्याच्या कामाकडे वळू. वर्डप्रेसवाले हे काम पाच मिनिटांचे असल्याचा दावा करतात. संध्याकाळी दादरला डोंबिवली लोकलमध्ये चढणेही पाच सेकंदांचे काम आहे. सराव असेल तर. नवख्या माणसाने एक संध्याकाळ धरावी. त्या संध्याकाळी काय काय करायचे याची यादी कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळेल. मला दाखवायचे आहे ते हे, की त्या यादीतील प्रत्येक पायरीवर मालकीचा एकेक प्रश्न उभा असतो, आणि आपण तो न विचारताच पुढे जातो.

पहिली पायरी नावाची. संकेतस्थळाचे डोमेन कोणाच्या नावावर नोंदले आहे? बहुसंख्य संघटनांत ते कोणा कार्यकर्त्याच्या भाच्याच्या किंवा पुरवठादाराच्या नावावर असते. भाचा नोकरीनिमित्त पुण्याला जातो, वार्षिक शुल्क भरायचे राहते, नाव सुटते, आणि ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. शाखेचे बँकखाते आपण एका माणसाच्या खासगी नावावर उघडत नाही. मग डोमेन का? ते संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या पत्त्यावर असले पाहिजे. जाता जाता हेही सांगावेसे वाटते की, २०१४ पासून देवनागरीतले ‘.भारत’ हे नावही उपलब्ध आहे. मराठीच्या मागणीसाठी आपण मोर्चे काढले. हे नाव घेणारी संघटना मात्र क्वचितच आढळते.

दुसरी पायरी यंत्राची. भाड्याच्या सर्व्हरवर लिनक्स, त्यावर अपाची किंवा तत्सम वेब-सर्व्हर, पीएचपी भाषा आणि मारियाडीबी हा डेटाबेस, असा संसार मांडायचा असतो. हे सारे मुक्त परवान्याचे आहे. त्यांतील मारियाडीबीची हकीकत बोधप्रद आहे. मायएसक्यूएल हा लोकप्रिय डेटाबेस २००८ मध्ये सन कंपनीने घेतला आणि २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलच्या पोटात गेली. विक्रीचा वारा ओळखून मूळ कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याच सार्वजनिक परवान्याच्या आधाराने मारियाडीबी वेगळी केली. कंपनी विकत घेता आली. सामाईक धन विकत घेता आले नाही.

तिसरी पायरी भाषेची आहे, आणि मराठी माणसाचे सर्वांत जास्त नुकसान येथेच झालेले आहे. डेटाबेस तयार करताना अक्षरसंचाची निवड करावी लागते. युनिकोडचा पूर्ण संच निवडला तर मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो. जुना रोमन संच राहू दिला तर साऱ्या लेखाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटते. याहून मोठे संकट आपल्या जुन्या दप्तराचे आहे. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या पुस्तिका, ठराव आणि अंक अनेक कार्यालयांतील जुन्या संगणकांत पडून आहेत. डोळ्यांना ते मराठी दिसते. संगणकाच्या लेखी ते अर्थहीन रोमन अक्षरांचे कडबोळे असते. ते शोधता येत नाही, आणि तो फाँट गेला की वाचताही येत नाही. दोन पिढ्यांचे लेखन अशा रीतीने आपल्या देखत मुके होत आहे. ते युनिकोडमध्ये आणून प्रणालीत भरणे हे भाषेच्या चळवळीचे काम आहे. त्याला कोणत्याही शासकीय अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

चौथी पायरी किल्लीची. प्रणालीच्या फायली सर्व्हरवर ठेवल्यावर एका मांडणीच्या फायलीत डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द आणि यंत्राचा पत्ता या चार गोष्टी लिहाव्या लागतात. सारे घर या चार ओळींवर उभे असते. त्या ओळी ठाऊक असलेला एकच माणूस संघटनेत असेल तर घर त्याचे आहे. फलकावर नाव कोणाचेही असो. काही जण घाईत साऱ्या फायलींना ‘सर्वांना सर्व मुभा’ देऊन टाकतात. दार उघडे टाकून वर कुलूप लटकावण्यासारखा तो प्रकार आहे.

शेवटी पडद्यावर संकेतस्थळाचे नाव, भाषा, प्रशासकाचे नाव आणि परवलीचा शब्द विचारला जातो. भाषेच्या यादीत मराठी आहे; स्वयंसेवकांनी भाषांतरे करून ठेवलेली आहेत. प्रणालीत प्रशासक, संपादक, लेखक, सहयोगी आणि सदस्य अशा पाच पायऱ्यांचे अधिकार असतात, आणि येथे आपल्या लोकशाहीची परीक्षा होते. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षे तेथे प्रशासकाचा कारभार चालला. त्याविरुद्ध आपण सभा घेतल्या, आणि योग्यच केले. पण आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर तहहयात प्रशासक एकच असतो, त्याची निवड कोणी केलेली नसते आणि त्याची मुदत कधी संपत नाही, याकडे कोणाचे लक्ष आहे? प्रशासकपद किमान दोघांकडे असावे, त्यांची नावे कार्यकारिणीच्या ठरावात असावीत आणि कार्यकारिणी बदलली की किल्ल्याही बदलाव्यात. हे तंत्र नव्हे, हा संघटनेचा शिस्तीचा भाग आहे.

प्रणाली बसली म्हणजे काम संपले असे मानणाऱ्यांसाठी ड्रुपलचा एक दाखला पुरे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजी त्या प्रणालीतील एक गंभीर दोष आणि त्याची दुरुस्ती एकाच वेळी जाहीर झाली. नंतर ड्रुपलच्याच सुरक्षा गटाने सांगितले की, सात तासांच्या आत ज्यांनी दुरुस्ती केली नाही त्यांनी आपले संकेतस्थळ फुटले आहे असेच धरून चालावे. सामाईक विहीर सर्वांची असते म्हणून तिचा गाळ आपोआप निघत नाही. दुरुस्त्या वेळेवर करणे आणि डेटाबेस व फायली यांची प्रत दर आठवड्याला सर्व्हरबाहेर, शक्य तर कार्यालयातील तबकडीवर, ठेवणे ही कोणाची तरी नावानिशी जबाबदारी असली पाहिजे.

आता आक्षेपांचा विचार करू. कारण ते शत्रूकडून येत नाहीत, आपल्याच मित्रांकडून येतात.

पहिला आक्षेप असा की, फेसबुक फुकट आहे आणि लोक तेथेच आहेत, मग हा खटाटोप कशाला? लोक बाजारातही असतात. म्हणून आपण पक्षाचे दप्तर बाजारातल्या दुकानदाराच्या गल्ल्यात ठेवत नाही. २० डिसेंबर २०२० रोजी दिल्लीच्या सीमेवर लाखो शेतकरी थंडीत बसलेले असताना ‘किसान एकता मोर्चा’चे फेसबुक पान अचानक बंद झाले. गवगवा झाल्यावर ते काही तासांत पुन्हा सुरू झाले. सुरू झाले हे खरे. पण बंद करणारा हात कोणाचा, त्याची कारणे कोणती आणि दाद कोणाकडे मागायची, हे त्या एवढ्या मोठ्या आंदोलनालाही ठाऊक नव्हते. आपल्या वॉर्डाच्या शाखेसाठी कोण गवगवा करणार? आणि राजकारण बाजूला ठेवले तरी व्यापाराचा हिशेब उरतोच. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झाले, गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. तेथे मराठी माणसांनी वर्षानुवर्षे केलेल्या चर्चा मालकाच्या ताळेबंदात बसल्या नाहीत म्हणून पुसल्या गेल्या. फेसबुकवर जरूर जावे, चौकात सभा घ्यायला जातो तसे. मूळ मजकूर मात्र आपल्या घरी असावा आणि तेथून त्याचा दुवा चौकात जावा.

दुसरा आक्षेप जरा सूक्ष्म आहे. सर्व्हर तरी शेवटी भांडवलदाराचाच ना? आहे, भाड्याचाच आहे. पण कल्याणच्या चाळींत वाढलेल्या माणसाला भाडेकरूंचे दोन प्रकार समजावून सांगावे लागू नयेत. एक भाडेकरू असा की मालकाशी बिनसले तर भांडीकुंडी उचलून दुसऱ्या खोलीत जातो. दुसरा असा की भांडीही मालकाची, पाणीही मालकाचे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचे तेही मालकाच्या परवानगीने. आपल्याकडे डेटाबेसची आणि फायलींची प्रत असेल आणि डोमेन आपल्या नावावर असेल, तर एका दिवसात बिऱ्हाड हलवता येते. सरकार कायद्याने संकेतस्थळ रोखू शकते, हेही नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याची प्रत आपल्या हाती आहे ते रोखता आले तरी नष्ट करता येत नाही.

तिसरा आक्षेप ‘हे तंत्रज्ञांचे काम आहे’ हा. या आक्षेपाची मला विशेष चीड आहे. सकाळी कल्याण आणि डोंबिवलीच्या फलाटांवर उभ्या असलेल्या गर्दीकडे नीट पाहा. ऐरोलीला, घणसोलीला, ठाण्याला संगणकाच्या कचेऱ्यांत जाणारी हजारो मुले-मुली त्या गर्दीत असतात. परदेशी बँकांचे सर्व्हर रात्रपाळी करून हीच मुले जागे ठेवतात. त्यांना आठ तासांची पाळी, पाळीची सुट्टी, कामावरून एका ईमेलने काढून टाकणे हे प्रश्न नाहीत काय? आपण त्यांना कधी विचारले काय? मोर्च्याला माणसे कमी पडली की आपण त्यांना मध्यमवर्गीय म्हणून नावे ठेवतो, आणि त्यांच्याजवळ असलेले कसब मात्र मागायला जात नाही. त्यांतला एक रविवार मागा, मिळेल. मात्र एक पथ्य पाळा. ज्ञान काही थोड्यांच्या कुलपात राहिले की त्याची सत्ता होते, हे जोतीरावांनी या महाराष्ट्राला शिकवले आहे. तंत्रज्ञ मित्राने प्रणाली बसवून द्यायची नाही; त्याने शेजारी बसायचे आणि बोटे कार्यकर्त्यांची चालली पाहिजेत. अंगणवाडीची सेविका, कंत्राटी सफाई कामगार, वाचनालयाचा लेखनिक यांच्यापैकी दोघे जण ती स्वतः पुसून पुन्हा बसवून दाखवतील तेव्हा ती खऱ्या अर्थाने बसली असे म्हणावे.

चौथा आक्षेप रस्त्यावरच्या लढाईचा. पडद्यापुढे बसून क्रांती होत नाही, असे ऐकवले जाते. ते कोणी म्हटले आहे? पण रस्त्यावरच्या लढाईला कागद लागतो. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. २३ मे २०२४ रोजी अमुदान कंपनीत झाला. माणसे मेली, घरांच्या काचा फुटल्या, चौकशीची घोषणा झाली. कोणत्या कारखान्यात कोणते रसायन किती साठवले आहे, शेवटची तपासणी केव्हा झाली, कोणती नोटीस निघाली, हे शेजारच्या वस्तीला मराठीत एका ठिकाणी वाचता आले पाहिजे. ही जबाबदारी महापालिकेची, औद्योगिक विकास महामंडळाची की प्रदूषण नियंत्रण मंडळाची, हा वाद कार्यालयांनी खुशाल घालावा. आपण काय केले? माहितीच्या अधिकारात उत्तरे मिळवणारे चिकाटीचे कार्यकर्ते प्रत्येक शहरात असतात. ती उत्तरे त्यांच्या कापडी पिशवीत राहतात आणि त्यांच्याबरोबरच जातात. हीच उत्तरे तारीखवार, कारखानावार आणि प्रभागवार लावून ठेवलेले एक साधे संकेतस्थळ म्हणजे पुढच्या मोर्च्याचा दारूगोळा आहे.

आणि आता हाच निकष महापालिकेला लावू. १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या या महापालिकेचे एक श्रेय कोणी नाकारू नये. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी, देशातील बड्या महापालिका फायलींच्या ढिगांत बुडालेल्या असताना, कल्याण-डोंबिवलीने कारभाराचे संगणकीकरण हाती घेतले, नागरी सुविधा केंद्र उघडले, आणि पुढे राज्यातील इतर नागरी संस्थांसाठी तोच नमुना ठरला. कर भरायला आणि दाखला मिळवायला खिडक्यांखिडक्यांतून फिरणाऱ्या माणसाला त्याचा लाभ झाला. हे मान्य करूनच पुढचा प्रश्न विचारायचा आहे. २०१६ मध्ये हे शहर ‘स्मार्ट सिटी’च्या यादीत गेले, ती योजनाही ३१ मार्च २०२५ रोजी संपली. या पंचवीस वर्षांच्या प्रवासात सर्व्हरच्या किल्ल्या कोणाकडे राहिल्या? ठेका संपला की माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे करारात लिहिलेले आहे काय? सॉफ्टवेअरचे अंतरंग पाहण्याचा आणि बदलण्याचा अधिकार महापालिकेला आहे काय? उद्या ठेकेदार बदलला तर जुने ठराव, निविदा आणि अंदाजपत्रके नव्या संकेतस्थळावर येतील, की दुवा तुटला म्हणून अदृश्य होतील?

हे प्रश्न विचारण्यासाठी कोणाची परवानगी नको. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली माहिती स्वतःहून, आणि इंटरनेटसह सर्व माध्यमांतून, प्रसिद्ध करायची आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे धोरण जाहीर केले. त्यानुसार निविदेत मुक्तस्रोत पर्यायाचा विचार व्हावा आणि तो वगळायचा असेल तर पुरवठादाराने कारण द्यावे, अशी अपेक्षा आहे. धोरण कागदावर आहे. ते निविदेत उतरवून घेणे हे नगरसेवकांचे आणि आपले काम आहे. केरळने १९९९ मध्ये ‘इन्फर्मेशन केरळ मिशन’ उभे करून स्थानिक संस्थांसाठी लागणारी सॉफ्टवेअरे सार्वजनिक यंत्रणेतून तयार करण्याची वाट धरली. बार्सिलोनाच्या नगरपालिकेने २०१६ पासून नागरिकांच्या सहभागासाठी ‘डेसिडिम’ नावाचा मंच मुक्त परवान्याखाली घडवला आणि तो इतर शहरांनाही खुला केला. तेथील अभियंते काही वेगळ्या मातीचे नाहीत. फरक आहे तो इतकाच, की तेथील राज्यकर्त्यांनी संगणकाला खरेदीची वस्तू मानले नाही, सार्वजनिक बांधकाम मानले.

मुक्त परवाना मिळाला की सारे आबाद, असा भाबडेपणाही नको. वर्डप्रेसच्याच घरात सप्टेंबर २०२४ मध्ये भांडण पेटले. मुलेनवेग यांचा डब्ल्यूपी इंजिन या मोठ्या कंपनीशी व्यापारी वाद झाला आणि त्या कंपनीच्या यंत्रांना वर्डप्रेसच्या मध्यवर्ती सर्व्हरचे दार बंद करण्यात आले. तिच्या ग्राहकांची संकेतस्थळे, ज्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता, नेहमीच्या दुरुस्त्यांना पारखी झाली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने ते दार पुन्हा उघडण्याचा आदेश दिला. सॉफ्टवेअर सर्वांचे होते. त्याच्या वाटपाची नळी एका माणसाच्या हाती होती. म्हणूनच एका कळीवर सारे बसवून देणाऱ्या सोयींवर विसंबू नका. प्रत हाताने उतरवून घेणे, हाताने बसवणे आणि हाताने हलवणे हे कसब ज्याच्याजवळ आहे त्याला कोणाच्या नळीची भीती नाही.

राममनोहर लोहियांनी १९५२ च्या पचमढी अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला, तेव्हा पुष्कळांनी त्याला भाबडेपणा म्हटले. प्रचंड यंत्रे माणसाला मध्यवर्ती सत्तेचा गुलाम करतात. गावाच्या आणि लहान गटाच्या आवाक्यातले, पण मागासलेले नव्हे असे यंत्र हवे, हा त्या विचाराचा गाभा होता. कापडाच्या आणि पोलादाच्या बाबतीत तो कितपत शक्य होता यावर वाद घालता येईल. छपाईच्या आणि दप्तराच्या बाबतीत मात्र ते लहान यंत्र आज आपल्या दाराशी येऊन उभे आहे. शाखेच्या चहापाण्याएवढ्या मासिक खर्चात ते मिळते, त्याचा परवाना सामाईक मालकीचा आहे, त्याची भाषा मराठी होऊ शकते. असे साधन हाती असताना आपण जगातल्या सर्वांत बलाढ्य कंपन्यांच्या दारात ओंजळ पसरून उभे राहायचे, ही लाचारी परिस्थितीने लादलेली नाही. ती आपल्या आळसाने पत्करलेली आहे.

तेव्हा प्रत्यक्ष कार्यक्रम असा. कल्याण आणि डोंबिवली येथे प्रत्येकी एका रविवारी अभ्यासवर्ग घ्यावा. त्यात दर शाखेने दोन कार्यकर्ते पाठवावेत, त्यांतली एक स्त्री असावी, आणि संध्याकाळी उठताना प्रत्येकाने स्वतः बसवलेली प्रणाली दाखवावी. डोमेन, सर्व्हर आणि किल्ल्या यांची नोंद कार्यकारिणीच्या इतिवृत्तात व्हावी आणि दरवर्षी हिशेबाबरोबर तपासली जावी. जुन्या फाँटांतले दप्तर युनिकोडमध्ये आणण्याचे काम वाचनालयांच्या मदतीने वाटून घ्यावे. १८६४ पासून ग्रंथ सांभाळणाऱ्या वाचनालयाच्या या गावात अशा कामाला माणसे मिळणार नाहीत असे मी मानत नाही. आणि महापालिकेच्या संगणकविषयक करारांच्या प्रती माहितीच्या अधिकारात मागवून, त्या मिळताच आपल्याच संकेतस्थळावर, आपल्याच सर्व्हरवर, मराठी टिपणासह प्रसिद्ध कराव्यात. नव्या यंत्राचे पहिले छापील पान तेच असावे.